झोळीतले दगड

लहान मुलांचं वजन करायचं नसतं हे मला विसाव्या वर्षी कळलं, आणि तेही मुलांची वजनं करायचीच नोकरी लागल्यावर. सांगितलं माझ्या आत्यानं. पदर खोचून, दोन्ही हात चौकटीला लावून ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तो काटा घेऊन उंबरा ओलांडलास तर बघ. आमच्याकडे गहू तोलतात, पोरं नाही."

तिच्या मागे पाटावर तिचा नातू बसला होता. पावणेदोन वर्षांचा. एका हातात तूप माखलेली पोळी, दुसऱ्या हातात गुळाचा खडा, आणि गाल इतके वर आलेले की मेल्याचे डोळे शोधावे लागत. त्याला कडेवर घेतलं की माझ्या कमरेत कळ यायची.

"आत्या, सरकारी काम आहे गं."

"सरकार गेलं खड्ड्यात. आधी कुठलं सरकार ते तर ठरू दे!"

त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. माझे बाबा दरबारच्या एका खात्यात होते. संस्थान विलीन झालं, ग्वाल्हेर-इंदूर एक होऊन मध्य भारत झाला, आणि बाबांचं खातंच नाहीसं झालं. पन्नाशीच्या आत माणूस घरी बसला. आता तो मध्य भारतही मोडणार होता. नवा मध्य प्रदेश होणार, राजधानी भोपाळला जाणार. इंदरगंजच्या चौकात जो भेटेल तो एकच विचारायचा, "तुमचं काय, भोपाळ की इथंच?" आमच्या घरात हा प्रश्न माझ्यासाठी होता. इंटर झालेली मी, आरोग्य खात्याच्या एका पाहणीत हंगामी लागले होते आणि घर माझ्या पगारावर चाललं होतं. नोकरी पक्की झाली तर ठीक, नाही तर पुढे काय, हे कुणी मोठ्यानं बोलत नसे.

पाहणी साधी होती. पाच वर्षांखालच्या मुलांचं वजन करायचं, उंची मोजायची, वय लिहायचं, बाप काय करतो, घरात दूध येतं का, वर्षात कोणकोणते आजार झाले ते विचारायचं. मग सगळ्या वस्त्यांची तुलना करून जिथली मुलं सगळ्यांत अशक्त तिथं दूध केंद्र उघडायचं. परदेशातून दुधाच्या भुकटीचे डबे येऊन पडले होते. केंद्र एकच निघणार होतं. म्हणजे आम्ही जे लिहू त्यावर कुणाच्या पोराला रोज पेलाभर दूध मिळणार आणि कुणाच्या नाही, ते ठरायचं होतं. हे मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

"बरं, मग मी लिहू काय?" मी आत्याला विचारलं.

"लिही. सात शेर."

"सात?"

"अगं, काही म्हणता काही खात नाही तो! चिमणीएवढं टिपतो नि उठतो. नुसता काटकुळा झालाय. दृष्टच लागलीय मेल्याला कुणाची तरी."

हे ती माझ्याशी बोलतच नव्हती. कुठंतरी वाईट नजर फिरत असते, तिला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलत होती. आमच्या लोकांत पोर गुटगुटीत आहे असं घरचं माणूस कधी म्हणत नाही. दुसऱ्या कुणी म्हटलंच तर लगेच, "कसलं गं, कालच ताप होता," आणि गालावर काजळाची तीट. मला हे लहानपणापासून पाठ. म्हणून मला हसू आलं. आमच्या काट्यावर पाउंड होते. शेराचे दोन पाउंड धरून मी हसत हसत चौदा लिहिले.

सगळ्या गल्लीत तेच. एकीनं सहा शेर सांगितले, दुसरी म्हणाली, "साडेसात, पण तेही दिवाळीला होते हो, आता कुठले!" दूधतुपातली पोरं, म्हशी दारात, आणि एकेकीचं पोर कागदावर मरायला टेकलेलं. पत्रिका मात्र सगळ्यांनी कौतुकानं काढून दाखवल्या. जन्मतारीख, वार, घटका, पळं. वय पळापर्यंत खरं आणि वजन थापा! फॉर्मवर एक 'अंदाजे' म्हणून चौकट होती. घरच्यांनी वजन करू दिलं नाही तर तिथं खूण करायची. मी इमानानं खुणा केल्या आणि त्या खुणांवर भरवसा ठेवून निश्चिंत झाले.

किला गेटच्या वस्तीत कुणी दार अडवलं नाही. अडवायला दारं होती कुठं, पोत्यांचे पडदे होते. किल्ल्याखाली गिट्टी, म्हणजे खडी, फोडणारी माणसं ती. चपराशानं निंबाच्या फांदीला काटा टांगला, खाली कापडाची झोळी लावली. बायका पोरांना तेल चोपडून, भांग पाडून रांगेत उभ्या राहिल्या.

त्यात एक माझ्याच वयाची असेल. बोटांना चिंध्या बांधलेल्या, कारण हातोडी चुकली की ती बोटांवरच बसते. कडेवर मुलगी. "हमाई मोड़ी," ती म्हणाली. तिकडे मुलीला मोड़ी म्हणतात. मुलीचं पोट पुढं आलेलं, दंड माझ्या अंगठ्याएवढा, केस वाळलेल्या गवतासारखे तांबूस. झोळीत ठेवली आणि काटा अठरावर जाऊन थांबला.

मी बघतच राहिले. तोवर माझ्या हाताला सवय झाली होती. अशी पोर अठरा पाउंडांची असणं शक्य नव्हतं. मी तिच्या झग्याची दुमड चाचपली. आत चार दगड होते. पोराच्या मुठीएवढे, फडक्यात बांधून आतून शिवलेले.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, आधी रागच आला. उन्हातान्हात आम्ही यांच्यासाठी मरावं आणि यांनी आम्हाला फसवावं! आत्याच्या सात शेरांवर हसणारी मी, या चार दगडांवर खेकसले. "ये क्या है?"

ती रडलीबिडली नाही. "हल्की निकरी तो अस्पताल ले जाओगी," ती म्हणाली. "वहाँ से कोऊ नहीं लौटत."

तेव्हा मी खाली बसले आणि तिला समजावलं. कुणी कुठं नेणार नाही. उलट हलकी निघाली तर दूध मिळेल. रोज.

"सच्ची?"

"सच्ची," मी म्हटलं.

तिनं दातानं टाके तोडले आणि एकेक दगड काढून माझ्या पायाशी ठेवला. मुलगी पंधरा पाउंड भरली. मी लिहिलं. जन्म कधीचा म्हणून विचारलं तर म्हणाली, दिवाळीनंतरचा, कुआँ सूखो हतो, म्हणजे विहीर आटली होती, त्या सालचा. मी अंदाजानं दोन वर्षं लिहून तारखेची जागा कोरी सोडली. आमच्या त्या फॉर्मवर तेवढं चालायचं.

दसऱ्याच्या सुमारास दफ्तरातल्या अलमाऱ्या हलायला लागल्या. अंगणात ट्रक उभे, फायलींना सुतळ्या, भिंतीवर अलमारीच्या जागी पांढरे चौकोन. पाहणीचे प्रमुख डॉक्टरसाहेब आमच्यातलेच, बाबांच्या ओळखीचे. त्यांना भोपाळला मोठी जागा हवी होती आणि तिकडे जाताना हातात तयार अहवाल हवा होता. त्यांनी मला बोलावून नव्या फॉर्मांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला. नव्या राज्याचा नवा कागद, हात फिरवला तर घसरेल असा. जन्मतारीख लिहिल्याशिवाय फॉर्म बाद. आणि 'अंदाजे' ही चौकटच नव्हती.

"जुन्यावरनं सगळं यावर उतरव," ते म्हणाले. "तारखा नसतील ते अपूर्ण. ते वेगळे ठेव, त्यांचं काम नाही."

मी उतरवायला लागले. उजवीकडे पूर्ण, डावीकडे अपूर्ण. आमची गल्ली सगळीच्या सगळी उजवीकडे गेली आणि किला गेट डावीकडे. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं की हे काय होऊन बसतंय. मी उठून डॉक्टरसाहेबांकडे गेले.

"साहेब, आमच्या गल्लीतली वजनं तोंडी आहेत. मी खुणा केल्या होत्या."

"नव्या फॉर्मवर खुणेला जागा आहे का?"

"नाही."

"मग झालं तर."

"आणि किला गेटच्या मुलांना अंदाजानं तारखा घालू का?"

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवघरात चपला घालून गेले होते. "खोटी तारीख? सरकारी कागदावर? अगं, शिकलीसवरलेली मुलगी ना तू!"

आता आठवलं तरी शिसारी येते. खोटं वजन चाललं, कारण ते सभ्य घरातून आलं होतं. माणूस लबाड होता म्हणावं तर तसंही नाही. त्यांना खरोखर धक्का बसला होता.

घरी बाबांना सांगितलं. सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, "तुझी पक्की झाल्याची ऑर्डर यायची आहे ना अजून?" एवढंच. आई आतून म्हणाली, "जेवायला वाढते." मी जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा फॉर्म हातात आला. बघताक्षणी ओळखला, कोपऱ्याला दगडाची पांढरी धूळ लागली होती. पेन माझ्या हातात होतं. डॉक्टरसाहेब स्टेशनवर गेले होते. कुठलीही एक तारीख घातली असती तर कोण बघायला येणार होतं? मी तो कागद डावीकडे ठेवला. मग आत्याच्या नातवाचे चौदा पाउंड नव्या फॉर्मवर सुवाच्य उतरवले. माझं अक्षर सुंदर आहे असं सगळे म्हणायचे.

परवा माझ्या चुलतभावाची नात आली होती. सिटी सेंटरमध्ये तिचं ऑफिस आहे. कुठल्या वस्तीतली, कुठल्या जातीची मुलं जास्त आजारी पडतात, कुणाची उंची खुंटते, यावर त्यांचा रिसर्च चालतो. लॅपटॉप उघडून मला रंगीत खांब दाखवत होती. "आजी, डेटा एकदम क्लीन आहे. जे फॉर्म अधुरे होते ना, वो हमने हटा दिए." आमच्याकडची ही पोरं अशीच बोलतात, एक पाय मराठीत, एक हिंदीत. मी विचारलं, "कुणाचे होते गं अधुरे?" ती म्हणाली, "वो तो देखना पड़ेगा, आजी," आणि पुढचा खांब दाखवायला लागली. मी चहा तसाच ठेवला. तिच्यावर काय चिडायचं? मुलगी गुणी आहे. माझ्याच घरातली आहे.

तर अहवाल निघाला. त्यात असं सिद्ध झालं की ग्वाल्हेर शहरात सगळ्यांत अशक्त मुलं आमच्या गल्लीत राहतात! मला वाटलं, गल्लीत निदान एकाला तरी लाज वाटेल. छे, कुठली लाज! "आलंय तर घ्यावं, आपण काय मागायला गेलो होतो?" असं सगळ्यांचं म्हणणं. गल्लीच्या टोकाला धर्मशाळेची ओसरी होती, तिथं केंद्र उघडलं. भुकटी कालवून पातेलंभर दूध करायचं, रजिस्टरात नाव असेल त्या मुलाला पेलाभर द्यायचं. रजिस्टर पाहणीवरून केलेलं. टेबलाशी बसून नावापुढं टिक करायला कोण? मी. गल्लीतलीच, ओळखीची, सोयीची.

आत्याच्या नातवानं पहिल्याच दिवशी तोंडातलं दूध माझ्या रजिस्टरवर थुंकलं. त्याला दारच्या म्हशीच्या सायीची सवय. मग आत्या म्हणाली, "कोरडीच घाल गं भांड्यात, मी घरी बघते काय करायचं ते." आणि मी घातली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या निम्म्या बायका भांडी घेऊन येऊ लागल्या. घरोघर भुकटीच्या वड्या थापल्या जाऊ लागल्या. कुणाची खुसखुशीत झाली, कुणाची चिवट, यावर ओसरीवर चर्चा रंगायच्या. मला भुकटीचा वास सहन होईनासा झाला. केसांना यायचा, उशीला यायचा.

ती आली तेव्हा थंडी कडाक्याची होती. किला गेटहून पायी आली होती, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडवून. मुलीला पोत्यात गुंडाळलेलं. मी तिला लांबूनच ओळखलं आणि मान खाली घातली. गल्लीतल्या बायका साड्या सावरून बाजूला सरकल्या, त्यामुळे तिच्या पुढंमागं रांगेत हातहातभर जागा मोकळी राहिली. तिचा नंबर आला.

मी रजिस्टराची पानं उलटायला लागले. नाव नाही हे मला ठाऊक होतं, तरी उलटत राहिले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग काहीतरी उमगल्यासारखं तिनं पटकन मुलीला टेबलावर उभं केलं, पोतं सोडलं, झग्याची दुमड उलटी करून माझ्यापुढं धरली. टाक्यांची भोकं अजून दिसत होती.

"देख लो बाई," ती म्हणाली, "अबकी बेर पथरा नहीं हैं."

मी पुन्हा रजिस्टरात बघितलं, तेव्हा तिला वाटलं मला अजून पटत नाहीये. ती पुढं वाकली आणि पास झाल्याची बातमी सांगावी तसं म्हणाली, "पहले से और हल्की हो गई है."

पातेल्यात दूध होतं. हे मी लपवत नाही. अर्ध्याहून जास्त पातेलं भरलेलं होतं, आणि उरलेलं शेवटी गल्लीतल्याच घरांत जायचं हेही मला ठाऊक होतं. रांगेत पाठीमागं आत्या नातवाला घेऊन उभी होती. "अगं, किती वेळ? पोर खोळंबलंय माझं!" भोपाळहून तपासणीला माणूस यायचा होता. रजिस्टराबाहेर थेंब द्यायचा नाही असा लेखी हुकूम होता आणि माझी ऑर्डर अजून आली नव्हती.

"इसका नाम नहीं है," मी म्हटलं.

"तो लिख लो."

किती सोपं होतं तिचं म्हणणं! माझ्या हातात तेच पेन होतं.

"अब नहीं लिखते," मी म्हटलं.

तिनं झगा सारखा केला, पोतं गुंडाळलं, मुलीला उचललं. शिव्याशाप दिले असते तर बरं झालं असतं. जाताना तिनं आत्याच्या कडेवरच्या नातवाकडे एकदा बघितलं, त्या गालांकडे, आणि पायऱ्या उतरून गेली. त्यानंतर ती मला कधी दिसली नाही. मी किला गेटला गेले नाही. जाववलं नाही असं लोक म्हणतात, तसलं काही नाही. मी गेले नाही.

"बघितलीस तिची नजर?" आत्या म्हणाली. "कशी बघत होती माझ्या पोराकडे!" तिन्हीसांजेला तिनं मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या नातवावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका कुणाला लागला नाही. ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबर होती. आत्यानं सगळ्यांना बजावून सांगितलं, "बघा, केवढी लागली होती!" मी तिथंच बसले होते, वाती वळत.

पुढच्या महिन्यात माझी ऑर्डर आली. इथंच, ग्वाल्हेरात, पक्की. बाबांचे डोळे भरून आले, आईनं देवापुढं साखर ठेवली. आत्या डबा घेऊन आली, तिनं पेढे केले होते. डबा उघडताच मला वास आला आणि दूध कुठलं ते कळलं. तिनं एक पेढा माझ्या तोंडाशी धरला. मी खाल्ला. तिनं दुसरा धरला, तोही खाल्ला.